निषेध आणि त्याचे कारण

मनुष्याने मनुष्यास घातलेल्या बंधनांपैकी सर्वांत लहान बंधन म्हणजे पाटीवर लिहिलेला निषेध. कायद्याचा ग्रंथ उलगडावयास वकील लागतो, धर्मशास्त्राचा अर्थ लावावयास शास्त्री लागतो. परंतु ‘येथे धूम्रपान करू नये’, ‘येथे मोबाइल वापरू नये’ ही चार शब्दांची आज्ञा समजावयास अक्षरओळखीपलीकडे काहीच लागत नाही. म्हणूनच की काय, तिचा विचार कोणी करीत नाही. पाळणारा ती विचार न करता पाळतो आणि मोडणारा विचार न करता मोडतो. तथापि या लहानशा आज्ञेच्या पोटी नीतिशास्त्रातील एक जुना व बिकट प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. तो प्रश्न असा की, ज्या निषेधाचे कारण आपणांस दिसत नाही, किंवा दिसते पण पटत नाही, तो पाळण्यास आपण कितपत बांधलेले आहोत?

हा प्रश्न चेंबूरच्या रहिवाशापुढे इतरांपेक्षा अधिक वेळा उभा राहतो. याचे कारण या उपनगराच्या इतिहासात आहे. माहूलच्या बाजूस स्टॅनव्हॅक कंपनीचा तेलशुद्धीकरणाचा कारखाना १९५४ साली व बर्मा-शेलचा १९५५ साली सुरू झाला. पुढे राष्ट्रीयीकरण होऊन ते अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या नावांनी ओळखले जाऊ लागले. १९५४ सालीच ट्रॉम्बे येथे अणुशक्तीच्या संशोधनाचे केंद्र स्थापन झाले, आणि १९६७ साली त्यास डॉ. होमी भाभा यांचे नाव देण्यात आले. १९६५ च्या सुमारास खतांचा कारखाना आला. अशा रीतीने, ज्या गावी मुंबईचे लोक एके काळी मोकळी हवा खाण्यासाठी येत, त्या गावाच्या एका अंगास तेल, दुसऱ्या अंगास अमोनिया आणि डोंगरापलीकडे अणु अशी शेजारमंडळी येऊन बसली. रामकृष्ण चेंबूरकर मार्गाने माहूलकडे जाताना तेलाच्या टँकरांची जी रांग दिसते, ती येथील मुलांस गाईगुरांच्या कळपासारखी नित्याची झाली आहे. अशा गावात निषेधाच्या पाट्या मुबलक असाव्यात, यात नवल नाही. पेट्रोलपंपावर मोबाइलची मनाई, कारखान्याच्या दारावर मोबाइलची मनाई, अणुकेंद्राच्या फाटकावर मोबाइलची व छायाचित्रांची मनाई, रुग्णालयाच्या काही खोल्यांच्या दारावर पुन्हा तीच मनाई. चारही ठिकाणी शब्द जवळजवळ सारखे. कारणे मात्र सर्वस्वी भिन्न. आणि कारणे भिन्न असूनही ती कोठेच लिहिलेली नसतात, हेच आमच्या विवेचनाचे मूळ.

प्रथम पेट्रोलपंपाची पाटी घेऊ. कारण तीच सर्वांच्या परिचयाची. मोबाइलमुळे पेट्रोलची वाफ पेट घेते, अशी समजूत आज घरोघर रूढ आहे. शास्त्र काय सांगते ते पाहावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते, आणि हवेतील तिचे प्रमाण साधारणतः शेकडा दीडपासून साडेसातपर्यंत असेल तरच ती पेटू शकते; त्याहून कमी असल्यास पुरेसे इंधन नाही, अधिक असल्यास पुरेसा प्राणवायू नाही. एवढे मिश्रण जुळले म्हणजे ते पेटविण्यास लागणारी ऊर्जा मात्र अत्यंत अल्प, एका मिलिज्यूलच्या चतुर्थांशाच्या आसपास, असते. नायलॉनचे कपडे घालून आसनावरून उठलेल्या माणसाच्या बोटातून कोरड्या हवेत जी ठिणगी निघते, तिची शक्ती याच्या कित्येक पट असू शकते. अमेरिकेतील पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने पंपांवरील आगींची वृत्ते जमवून पाहिली, तेव्हा पुष्कळशा आगींचे मूळ या घर्षणाच्या विजेत आढळले. पेट्रोल भरणे चालू असता मनुष्य गाडीत जाऊन बसे, पुन्हा उतरून नळीस हात लावी आणि त्या क्षणी भडका उडे. मोबाइलमुळे लागलेली म्हणता येईल अशी एकही आग त्या संस्थेस सापडली नाही. मुंबईच्या दमट हवेत ही अंगची वीजही फारशी साठत नाही. तात्पर्य, पंपावरील पाटी ज्या भीतीचा उच्चार करते ती भीती सर्वस्वी निराधार नसली, तरी फारच पातळ आधारावर उभी आहे. आणि ज्या धोक्याचे प्रमाण मिळते, त्याचा मात्र पाटीवर उल्लेखही नसतो.

आमच्या पूर्वमीमांसकांनी विधिनिषेधांचा विचार करताना एक मार्मिक भेद केला आहे. काही विधी दृष्टार्थ असतात, काही अदृष्टार्थ. भात कांडावे, या विधीचे फळ डोळ्यांस दिसते, तूस निघते. ज्याचे फळ असे दिसत नाही, त्या विधीसाठी अदृष्ट फळाची कल्पना करावी लागते. मात्र जेथे दृष्ट फळ संभवते तेथे अदृष्टाची कल्पना करू नये, असा त्यांचा दंडक आहे. याखेरीज अर्थवाद नावाचा एक प्रकार ते सांगतात: विधीकडे मन वळावे किंवा निषिद्धापासून परतावे म्हणून केलेली स्तुती अथवा निंदा. तिचे तात्पर्य घ्यावयाचे, अक्षरार्थ नव्हे.

पंपावरील पाटीस ही परिभाषा किती चपखल लागू पडते! तिचा आरंभ दृष्टार्थ निषेध म्हणून झाला. मोबाइल नवे होते, त्यांची परीक्षा झालेली नव्हती, आणि ज्वालाग्राही पदार्थाजवळ अपरीक्षित विजेचे यंत्र आणू नये, हा विचार योग्यच होता. पुढे परीक्षा झाली, परंतु पाटी होती तशीच राहिली. मग तिच्या रक्षणार्थ अर्थवाद जन्मास आले. अमक्या गावी फोन वाजला आणि पंप भस्मसात झाला, तमक्या देशात तरुणाचा चेहरा होरपळला, अशा कथा मोबाइलवरूनच घरोघर पोहोचल्या. मोबाइलची निंदा मोबाइलच्याच मुखाने व्हावी, हा विनोद कोणाच्या लक्षात आला नाही. शेवटी या निषेधाची गत सोवळ्यासारखी झाली. चार लोक पाहत असता पाळावयाचा, कोणी पाहत नसता सोडावयाचा, आणि का पाळतो हे विचारल्यास ‘तशी पद्धत आहे’ म्हणून सांगावयाचे. आज तर परिस्थिती अशी आहे की, पुष्कळ पंपांवर मनाईच्या पाटीखालीच पैसे देण्यासाठी क्यूआर कोडचे चौकोनी चित्र चिकटविलेले असते. वरची पाटी म्हणते, फोन बाहेर काढू नका. खालचे चित्र म्हणते, फोन काढल्यावाचून पैसे कसे द्याल? एकाच खांबावरून दोन आज्ञा, आणि दोन्ही एकाच मालकाच्या. सोवळ्यातल्या माणसाने रेशमी धोतराच्या कनवटीस तंबाखूची डबी खोवावी, तसाच हा प्रकार होय.

येथे आमचा सुशिक्षित वाचक म्हणेल, “तुम्हीच निषेधाचे कारण खोटे ठरविलेत, मग तो आम्ही का पाळावा? आगरकरांनी आम्हांस रूढीपुढे मान न वाकविण्याचे शिकविले. नव्या रूढीपुढे ती का वाकवावी?” हा आक्षेप वरवरचा नाही. ज्यास आपल्या बुद्धीची चाड आहे, त्याच्या मनात तो उठलाच पाहिजे. इंग्रज तत्त्ववेत्ता मिल्ल याने ‘ऑन लिबर्टी’ या १८५९ सालच्या ग्रंथात मोडकळीस आलेल्या पुलाचा एक दृष्टान्त दिला आहे. त्याचा आशय असा की, पूल धोक्याचा आहे हे न जाणता कोणी त्यावर पाऊल टाकीत असेल, आणि सांगावयास अवधी नसेल, तर त्यास धरून मागे ओढण्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही. परंतु संकट निश्चित नसून केवळ संभाव्य असेल, तर त्यास धोका सांगावा आणि जावे की न जावे याचा निर्णय त्याचा त्यास करू द्यावा. या न्यायाने पाहिले तर पाटीने धोका सांगावा, आज्ञा करू नये, निर्णय आमचा.

मिल्लच्या या मतावर आमची श्रद्धा आहे, तरी चेंबूरच्या वाटेवर त्याचा दृष्टान्त अपुरा पडतो, असे आम्हांस म्हणणे भाग आहे. मिल्लच्या पुलावर एकटा मनुष्य चालतो, आणि पूल पडला तर तोच नदीत पडतो. पंपावर किंवा कारखान्याच्या कुंपणापाशी आम्ही एकटे कधीच नसतो. गाडीत पेट्रोल भरून घेणारा गृहस्थ तेथे पाच मिनिटे थांबतो. नळी धरणारा नोकर आठ-दहा तास थांबतो, आणि दिवसभरात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या लहरीचा वाटेकरी होतो. आमच्या वाट्यास धोक्याचा एक कण येतो, त्याच्या वाट्यास त्या सर्व कणांची रास. तेव्हा ‘धोका फार लहान आहे’ हे आमचे वाक्य आमच्यापुरते खरे असले, तरी ते उच्चारण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे? लहान काय आणि मोठे काय, हे ज्याच्या माथी ते पडते त्याने ठरवावयाचे असते.

माहूलच्या रहिवाशांची कहाणी हेच सांगते. तेथील हवेमुळे लोकांच्या आरोग्यास धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली म्हटले. आणि शहरात अन्यत्र घरे पाडली गेलेल्या कुटुंबांना माहूल येथेच राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. या दोन निर्णयांचा मोबाइलशी संबंध नाही. परंतु धोक्याच्या वाटणीशी आहे. धोका कोणी निर्माण करावा, सोय कोणास व्हावी आणि शेजार कोणाच्या नशिबी यावा, या तीन गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी क्वचितच एकत्र येतात. आमच्या गाडीत जळणारे पेट्रोल ज्यांच्या उशाशी शुद्ध होते, त्यांचे ऋण आम्ही फेडू शकत नाही. निदान त्यांच्या दारापाशी आपली शहाणीव मिरवू नये, एवढे तरी आमच्या हाती आहे. म्हणून आमचे पहिले उत्तर असे: पाटीचे कारण पटो वा न पटो, ती पाळणे हे प्रथमतः त्या स्थळी राहणाऱ्यांशी व राबणाऱ्यांशी वागण्याचे सौजन्य आहे. ज्यास आपल्याकडे ‘लोकसंग्रह’ म्हणतात, त्याचा हा अगदी घरगुती प्रकार होय.

दुसरे उत्तर ज्ञानाच्या मर्यादेविषयी आहे. निषेधाचे कारण आम्हांस दिसत नाही, यावरून कारण नाही असे सिद्ध होत नाही. उलट, जे धोके डोळ्यांस दिसतात त्यांच्यासाठी पाटीची गरजच कमी. विहिरीचा काठ सांगावा लागत नाही. पाटी लागते ती अदृश्य धोक्यासाठी. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात एक तरुण प्राणवायूची धातूची टाकी घेऊन एमआरआय यंत्राच्या खोलीत गेला; यंत्राच्या चुंबकाने टाकीसह त्यास खेचून घेतले आणि त्याचा अंत झाला. त्या यंत्राचे चुंबक चित्र काढण्याचे काम थांबले असतानाही जागेच असते, ही गोष्ट डोळ्यांस दिसत नाही, कानांस ऐकू येत नाही आणि सामान्य बुद्धीस सुचतही नाही. त्या खोलीच्या दारावर मोबाइल, किल्ल्या, नाणी बाहेर ठेवण्याविषयी जे लिहिलेले असते, ते आमच्या तर्काची परवानगी मागत नाही, आणि मागू नये हेच योग्य.

कारखान्याच्या दारावरील मनाईही याच जातीची. इंग्लंडच्या शेजारच्या वेल्स प्रांतात सेंगेनिथ येथील कोळशाच्या खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मरण पावले. संशयितांत एक क्षुल्लक वस्तू होती: खाणीत इशारा देण्यासाठी लावलेल्या विजेच्या घंटेची ठिणगी. त्या काळी अशा घंटेचा प्रवाह इतका क्षीण समजला जाई की, त्यापासून भय आहे असे कोणास वाटत नसे. त्यानंतरच्या संशोधनातून एक नवे तत्त्व पुढे आले: ज्वालाग्राही वायूच्या स्थळी नेण्याचे विजेचे उपकरण असे घडवावे की, ते बिघडले तरीही त्याच्या ठिणगीत वायू पेटविण्याइतकी ऊर्जा असूच नये. आज तेलाच्या कारखान्यात याच तत्त्वावर घडविलेले व परीक्षा करून प्रमाणपत्र दिलेले खास फोन वापरतात. आमच्या खिशातला साधा फोन दारावर ठेवून घेतात. तो फोन वाईट असतो म्हणून नव्हे, तर तो बिघडल्यास कसा वागेल याची हमी कोणीच दिलेली नसते म्हणून. खुद्द फोन बनविणाऱ्या कंपन्याच आपल्या माहितीपुस्तकात अशा ठिकाणी फोन बंद ठेवण्यास सांगतात. २०१६ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, आणि तो फोन जगभरच्या बाजारातून परत घ्यावा लागला. तोपर्यंत तो विकत घेणाऱ्या प्रत्येकास आपला फोन निर्दोष आहे असेच वाटत होते. माहूलने आग पाहिलेली आहे. तेथील कारखान्यात ९ नोव्हेंबर १९८८ रोजी लागलेल्या आगीने तीसहून अधिक बळी घेतले. ८ ऑगस्ट २०१८ रोजी झालेल्या स्फोटाच्या वेळी चेंबूरची घरे हादरली आणि चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली. या दोहोंचा दोष मोबाइलकडे नाही, हे खरे; पण जेथे एवढे सामर्थ्य कोंडून ठेवलेले आहे, तेथे अपरीक्षित वस्तू आत येऊ न देणे हा निव्वळ विवेक आहे, हेही तितकेच खरे.

आता पंपाची पाटी आणि कारखान्याची पाटी शेजारी शेजारी ठेवून पाहावी. एकीचे कारण पातळ, दुसरीचे भक्कम. परंतु दोन्हींवर तेच चित्र: वर्तुळात फोन आणि त्यावर तांबडी तिरपी रेघ. पंपावर ज्याने शंभर वेळा ती रेघ ओलांडली आणि काहीच झाले नाही, त्याच्या डोळ्यांतून कारखान्याच्या दारावरील रेघही पुसली जाते. बाजारात एक खोटे नाणे चालू लागले म्हणजे केवळ त्या नाण्याची नव्हे, साऱ्या टांकसाळीची पत जाते. आमच्या मते पंपावरील पाटीचा खरा अपराध हाच आहे. तिने कोणाचा फोन उगाच बंद करविला, ही गोष्ट किरकोळ. तिने खऱ्या पाटीवरील विश्वास चोरला, ही गोष्ट गंभीर आहे. कारण नसलेला निषेध निरुपद्रवी असतो, असा पुष्कळ अधिकाऱ्यांचा समज दिसतो. ‘असली एक पाटी जास्त, तर काय बिघडले?’ असे ते म्हणतात. बिघडते ते हे.

म्हणून पाळणाऱ्याच्या कर्तव्याबरोबर पाटी लावणाऱ्याच्या कर्तव्याचाही विचार झाला पाहिजे. ते कर्तव्य दुहेरी आहे: जेथे धोका आहे तेथे तो सांगावा, आणि जेथे नाही तेथे गप्प राहावे. पहिल्या अर्ध्या भागाची उपेक्षा झाल्यास काय घडते, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत नांगरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. स्फोटक माल वाहणाऱ्या जहाजाने तांबडे निशाण लावावयाचे असते. या जहाजावर ते नव्हते. दुपारी कापूस धुमसू लागला, आणि चार वाजून गेल्यावर पहिला प्रचंड स्फोट झाला. मधल्या काळात गोदीतील कित्येक माणसे, शेजारच्या जहाजांवरील खलाशी सुद्धा, आपापल्या कामात मग्न राहिली. कारण कशापासून पळावयाचे हे त्यांस सांगणारे निशाणच नव्हते. शेकडो लोक प्राणास मुकले. आगीशी झुंजताना ६६ अग्निशामक धारातीर्थी पडले, आणि त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. जी पाटी लावावयास हवी होती तिच्या अभावाची ही किंमत होय. मात्र नको तेथे लावलेल्या पाट्या त्याच संकटाकडे दुसऱ्या वाटेने नेतात. कारण जेथे सगळीकडे तांबडे निशाण फडकते, तेथे निशाणाकडे पाहतो कोण?

पाटी प्रामाणिकपणे सुधारता येते, याचेही उदाहरण आहे. विमानात उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी विजेची सर्व उपकरणे बंद ठेवावीत, असा नियम पुष्कळ वर्षे होता. त्याची फेरतपासणी होऊन २०१३ साली अमेरिकेत व २०१४ साली आपल्याकडे तो सैल करण्यात आला. फोनचे प्रसारण बंद ठेवून तो जवळ वापरावयास हरकत राहिली नाही. त्याच विमानखात्याने २०१६ साली पेट घेणाऱ्या त्या एका जातीच्या फोनवर मात्र तत्काळ निर्बंध घातला. ज्या हाताने एक बंधन सोडले त्याच हाताने दुसरे बांधले, आणि दोन्ही वेळा कारण सांगून. अशा अधिकाऱ्याची आज्ञा पाळताना बुद्धीस अपमान वाटत नाही. स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संघटनेचे मुख्य कार्यालय आपल्याच नागपुरास आहे. पंपावरील पाटीचा असाच स्वच्छ निकाल लागावा, अशी अपेक्षा करणे अयोग्य ठरू नये. धोका असेल तर क्यूआर कोडचे चित्र यंत्रापासून दूर हलवावे. नसेल तर पाटी उतरवावी, आणि तिच्या जागी अंगच्या विजेपासून, धूम्रपानापासून व चालू ठेवलेल्या इंजिनापासून असलेला खरा धोका दोन ओळींत लिहावा.

राहता राहिली अणुकेंद्राच्या फाटकावरील मनाई. ही तिसऱ्याच जातीची. येथे फोन स्वतः काही पेटवील ही भीती नाही. तो काही पाहील, ऐकेल व बाहेर नेईल ही शंका आहे. मनाईच्या क्षेत्राचे चित्र वा नकाशा घेण्याविरुद्ध १९२३ सालचा शासकीय गुपितांचा कायदा उभा आहे. कारण सांगितलेच पाहिजे, असा आग्रह येथे धरल्यास गुपित राखण्याचा हेतूच संपेल. मग आमचे म्हणणे येथे लंगडे पडते काय? आमच्या मते नाही. गुपित काय आहे हे सांगता येत नसले, तरी गुपित आहे हे सांगता येते, ते कोणत्या कायद्याखाली आहे हे सांगता येते, आणि त्याची हद्द कोठे संपते हेही सांगता येते. एवढे सांगितले म्हणजे नागरिकास पुरेसे आहे. उलट, ‘सुरक्षिततेच्या कारणास्तव’ या एका पोकळ शब्दसमूहाच्या आड ज्या अनेक कचेऱ्या व इमारती मोबाइल बंद करवितात, त्यांत गुपित किती आणि कामचुकारपणाचे चित्र कोणी घेऊ नये ही धडपड किती, याची चौकशी लोकांनी अवश्य करावी. खऱ्या गुपिताचा मान राखावयाचा असेल तर खोट्या गुपितांची संख्या कमी केली पाहिजे; पेट्रोलच्या पाटीस जो न्याय, तोच यासही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८४ सालच्या आपल्या एका निबंधात म्हटल्याचा भावार्थ असा की, पदावर उभा असलेला शिपाई किंवा कर भरणारा नागरिक यांनी त्या क्षणी आज्ञा पाळावी. परंतु विद्वान म्हणून, वाचकसमाजापुढे, त्या आज्ञेची चिकित्सा करण्याचे त्यांचे स्वातंत्र्य कोणी हिरावू नये. आमच्या प्रश्नाचे उत्तर याच दिशेस सापडते. धोक्याच्या स्थळी उभे असताना निषेध पाळावा; त्या स्थळापासून दूर आल्यावर त्याचे कारण विचारावे. आम्ही बहुधा याच्या नेमके उलट वागतो. पाटीपुढे उभे राहून तिच्याशी वाद घालतो, नळी टाकीत असतानाच ‘एका फोनने काय होते’ म्हणून तो कानाशी धरतो. आणि घरी परतल्यावर, जेव्हा पत्र लिहिण्यास, तक्रार करण्यास, शास्त्र वाचण्यास फुरसत असते, तेव्हा मौन धरतो. आगरकरांचा वारसा सांगणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की, रूढी मोडण्याचे जे धैर्य त्यांनी दाखविले ते चारचौघांत लेखणी हाती घेऊन दाखविले. कोणी पाहत नाही अशी संधी साधून नव्हे. गुपचूप मोडलेला नियम तसाच कायम राहतो. उघडपणे विचारलेला नियम एक तर सुधारतो, नाही तर आपले कारण सांगून अधिक बळकट होतो.

हा विचार केवळ पंपापुरता व फाटकापुरता ठेवू नये; तो स्वयंपाकघरापर्यंत येतो. १९ सप्टेंबर २०१९ च्या रात्री चेंबूर, घाटकोपर, पवई अशा अनेक भागांत वायूचा वास पसरल्याच्या तक्रारी आल्या, आणि अग्निशमन दलाची धावपळ उडाली. अशा वेळी बहुतेकांचा हात दोन वस्तूंकडे जातो: दिव्याच्या बटणाकडे आणि मोबाइलकडे. घरात गॅसचा वास आला असता बटण दाबू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात, गॅसची कळ बंद करावी आणि घराबाहेर मोकळ्या हवेत जाऊन मगच फोन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर ठरलेला आहे. येथे फोनचा निषेध नाही; त्याचे स्थान तेवढे बदलावयाचे आहे. तोच फोन घराच्या आत संशयास्पद, आणि दहा पावले बाहेर प्राणरक्षक. मुलांस ‘फोनने स्फोट होतो’ असे सांगून भय घालण्यापेक्षा, बटणाच्या आत ठिणगी कशी पडते, वाफ जमिनीलगत कशी साठते आणि बाहेर का जावयाचे, हे सांगण्यास चार मिनिटे अधिक लागतील. परंतु भयाने पाळलेला नियम भय सरताच सुटतो, समजून पाळलेला नियम अंधारातही हाताशी राहतो.

आज्ञाधारकपणा आणि जिज्ञासा यांचे वैर आहे, अशी समजूत आपल्याकडे दोन्ही पक्षांनी जोपासली. जुन्यांनी जिज्ञासा दडपण्यासाठी आणि नव्यांनी आज्ञा झुगारण्यासाठी. वस्तुतः त्यांचे नाते नवरा-बायकोसारखे आहे; एकाच घरात राहावयाचे असल्यामुळे त्यांस भांडणाची वेळ तेवढी निवडता आली पाहिजे. माहूलच्या वाटेवर, टँकरांच्या रांगेशेजारी, ती वेळ नव्हे. तेथे फोन खिशात राहू द्यावा, आणि प्रश्न मनात. मात्र घरी पोहोचताच फोनबरोबर तो प्रश्नही बाहेर काढावा, आणि ज्याने पाटी लावली त्यास विचारावा.